ओ देणारी मुलगी

फोटोचा एक कोपरा सुटला होता, गोंद वाळून पिवळा पडलेला, आणि तो नखाने दाबता दाबता तिच्या लक्षात आलं की चेहरा आपल्या ओळखीचा आहे, आपल्या दहाजणींतला... पण कॉलेज सोडण्याच्या या अर्जावर नाव मात्र भलतंच. म्हणजे, नाव बरोबरच असणार. रोज आपण जी हाक मारत होतो तीच...

सत्राच्या सुरुवातीला कार्यालयातल्या प्रत्येकाने दहा नव्या मुलींची नावं पाठ करायची आणि दिसतील तिथे नावानिशी हाक मारायची, ही कल्पना तिचीच. प्राचार्यबाईंनी सभेत वाखाणलेली. घरी लेकीला भरवताना – घास तिच्या तोंडाशी, डोळे फोटोंच्या यादीवर – तिने नावं घोकली होती. तेव्हाच कधीतरी नजर एक ओळ घसरली असावी, आणि वरचीचं नाव खालच्या चेहऱ्याला चिकटलं ते चिकटलंच. वरची तर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात गेलेली. चूक दाखवणार कोण?

चार महिने. रोज सकाळी जिन्याच्या वळणावर, हसून, मोठ्याने. ऐकून ऐकून वर्गानेही तेच नाव उचललं.

“अगं, सांगायचं नाहीस का मला?”

मुलगी काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “पहिल्या दिवशी सांगणार होते, मॅडम. पण तुम्ही इतक्या मायेनं हाक मारलीत... आणि दुसरं कुणी मारतच नव्हतं.”

“मग आता जातेस कशाला?”

“परवा घरी फोन केला, तर तोंडातून तेच नाव गेलं. आजी म्हणाली, राँग नंबर.” ती हसली. “ठेवूनच दिला तिने. मग मला भीती वाटायला लागली.”

“मारा शिक्का, बाई,” हेडक्लार्क फाइलमधून मान वर न काढता म्हणाले. “आणि मनाला लावून घेऊ नका. तुमच्याइतकं अगत्य दाखवलंय कुणी तिला?”

शिक्का उमटला. थांब म्हणायचं, तर कशाच्या जोरावर? मुलगी दाराबाहेर पडली तेव्हा ती उठली, अर्जावरचं नाव वाचून तिने हाक मारली – जपून, एकेक अक्षर – आणि मुलगी वळली नाही. चालतच राहिली. ते दुसरं नाव जिभेच्या टोकावर होतं; त्या हाकेला ती नक्की थांबली असती, ‘हो मॅडम’ म्हणाली असती... तिने ओठ घट्ट मिटले. जिना उतरणारी पावलं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात मावशींनी लेकीला पुढे केलं. “फार गुणी हो पोर! काही मागत नाही, रडत नाही. आज दुसऱ्याच मुलाचा डबा समोर आला, तरी मुकाट्यानं खाल्लान.”

कालपर्यंत या शब्दांनी ऊर भरून यायचा. मी वळण लावलंय, माझी लेक... आता रस्त्याने चालताना तिला वाटत होतं, हिने इथेच, भर गर्दीत, लोळण घ्यावी, गळा काढावा, नको म्हणावं, कशालाही, एकदा तरी नको म्हणावं. तिने मुद्दाम चुकीची गल्ली धरून पाहिली.

पोर शहाण्यासारखी बोट धरून चालत होती.