मागच्या खोलीतली लाईन

"गेली बाबा. पुन्हा गेली," हर्षा म्हणाली.

मशीनचे दोन्ही पंखे जोरात फिरले, हिरवा दिवा लागला, मिनिटभराने आतून टक् असा आवाज आला आणि सगळे गप्प. जरा वेळाने पंखे आपोआप फिरले. पुन्हा टक्. सकाळपासून हेच चालले होते.

मशीन म्हणजे लोखंडाची लांबट पेटी. आत तीन बोर्ड, पुढेमागे पंखे. ती दिवसभर गणिते सोडवते आणि त्याबद्दल इंटरनेटवरचे नाणे मिळते, असे हर्षाने मला दोनदा समजावले. मला एवढेच कळले की छतावरच्या सोलरची दिवसा उरलेली वीज तिला द्यायची. सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. म्हणजे रोज सकाळी धड सुरू होणे हेच तिचे मोठे काम, आणि तेच होत नव्हते.

माझी बायको कुंता गेली त्याला नऊ महिने झाले. तिच्या तेराव्यासाठी पुण्याहून आलेली हर्षा परत गेलीच नाही. इथेच राहून काही करते म्हणाली आणि नागपूरहून ही जुनी मशीन आणली. चालली तर राहायचे. नाही चालली तर सोमवारी घराला कुलूप लावायचे आणि मलाही पुण्याला न्यायचे, असे तिने ठरवले होते. विकणारा अनुप पाच वाजता मशीन परत न्यायला येणार होता.

"अनुप फोनवर म्हणून राहिला, बोर्ड गेला."

"न पाहता?"

"त्याले अनुभव हाय बाबा."

मी उठलो आणि माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली. कुंता गेल्यापासून तिला हात लावला नव्हता.

"तुमी पाहता?" हर्षा हसली. "मोबाईलचा लॉक तं खोलता येत नाई तुमाले!"

"मोबाईलले मोटर नाई. इले हाय."

तुमसरच्या राईस मिलमध्ये मी एकतीस वर्षे वायरमन होतो. मिल सुरू करायची एक रीत असते. सगळ्या मोटरी एकदम लावत नाहीत. सगळ्यात शेवटची आधी, मग तिच्या अलीकडची, असे करत पहिल्या मोटरीवर यायचे. कोणती बिघडली ते त्यातच कळते.

"तिन्ही बोर्डांच्या वायरी काढ," मी म्हणालो. "आता एकच लाव."

एक लावला. मशीन चालली. तो काढून दुसरा लावला. चालली. तिसऱ्यावरही चालली.

"म्हणजे बोर्ड तं सगळे चांगले हायेत!" हर्षा म्हणाली.

"आता दोन लाव."

चालली. तीन लावले. टक्.

मी पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि त्याच्या तारा मशीनच्या प्लगपाशी लावल्या. हर्षाने बटण दाबले. दोनशे एकवीस, दोनशे चार, एकशे अडुसष्ट. टक्. मग समोरच्या खोलीत मेन बोर्डावर जाऊन मोजले. तिथे दोनशे सव्वीस, आणि मशीन सुरू करतानाही दोनशे चोवीसच्या खाली नाही.

"घरात वीज येऊन राहिली. मागच्या खोलीपर्यंत पोचत नाई," मी म्हणालो. "मधात कोणीतरी खाऊन राहिलं."

मधे होती पंचवीस फूट वायर. अकरा वर्षांपूर्वी कुंताच्या पीठ दळायच्या चक्कीसाठी मीच ओढलेली. चक्की अजून त्याच खोलीत, चादर घालून ठेवलेली. कुंता शेजारच्या चार घरांचे दळण दळायची. चक्की लावली की खोलीतला बल्ब क्षणभर मंद व्हायचा.

"अजी, हा बल्ब पाहा कसा मान टाकते," ती म्हणायची.

"गावाचं व्होल्टेज कमी हाय. मी का करू?"

"मिलच्या साऱ्या मोटरी पाहता, माह्यी एक लाईन नाई पाहत."

दहा वर्षे ती म्हणत होती. मी एकदाही स्टुलावर चढलो नाही.

मेन स्विच पाडला आणि आता चढलो. दाराच्या वर वायरीवर टेपची गाठ होती. टेप वितळून चिकटला होता. सोलला, तर आत तांब्याच्या वायरीला ॲल्युमिनियमचा तुकडा पिळून जोडलेला. दोन्ही कोळशासारखे काळे. मग आठवले. त्या दिवशी वायर कमी पडली होती, म्हणून मिलमधला उरलेला तुकडा लावला होता. आठ दिवसांत बदलतो, असे कुंताला म्हणालो होतो.

कोणत्याही शिकाऊ वायरमनने असा जोड दिला असता तर मी त्याला मिलबाहेर काढले असते.

"काय झालं बाबा?"

"तुह्यी आई बरोबर होती."

तो काळा जोड कापून मी खिशात ठेवला. हर्षाने स्कुटीवर जाऊन जाड तांब्याची नवी वायर आणली. मेन बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत सलग वायर ओढली, मधे एकही जोड नाही. स्टूल तिने धरले. साडेचार वाजले.

"लाव," मी म्हणालो. "तिन्ही."

पंखे फिरले. हिरवा दिवा. एक मिनिट. दोन मिनिटे. मीटर दोनशे वीसवर उभा. टक् झाले नाही. हर्षा लॅपटॉपमध्ये डोके घालून होती, ती एकदम ओरडली, "तिन्ही बोर्ड, बाबा! तिन्ही!" आणि माझा हात धरून लहानपणी नाचायची तशी नाचली.

अनुप रिकामे खोके घेऊन आला तो दारातच थांबला. आवाज ऐकून त्याने खोके खाली ठेवले.

"काकाजी, बोर्ड कोणी दुरुस्त केला?"

"बोर्ड गेलाच कवा होता? घरी न येता रोग सांगाचा नाई भाऊ."

तो डोके खाजवत हसला. "माह्या आणखी चार मशिनी लोकाईच्या घरी अशाच बंद पडून हायेत. येता का पाहाले?"

"पहिले चहा घे," हर्षा म्हणाली. "मंग बाबाची वेळ घे. बाबा आता बिझी राहतील."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या कलाबाईंचा आवाज आला. "भाऊजी, चक्की सुरू केली का जी? आवाज येऊन राहिला."

हर्षा नाही म्हणायला तोंड उघडतच होती.

"आणा डबा," मी म्हणालो.

चक्कीवरची चादर काढली. कडेला अजून जुने पीठ चिकटले होते. ते पुसले नाही. मशीन चालूच होती. कलाबाईंचे गहू ओतले, खोलीतला बल्ब लावला आणि चक्कीचे बटण दाबले.

"बाबा, वर काय पाहून राहिले? जाड दळाचं का बारीक, इचारा ना मावशीले."

चक्की घरघरत होती, मशीन गुणगुणत होती. बल्बने मान टाकली नाही. खिशातला काळा जोड मुठीत धरून मी बराच वेळ वर बघत उभा राहिलो.