रविवारचा माफीनामा

"मी, खाली सही करणारा नालायक, सर्वांसमोर कबूल करतो," आमचे हे बनियनवर ताठ उभे राहून संगणकाच्या पडद्याला सांगत होते, "की तिसऱ्या वळणावर माझ्या गाडीने माननीय काकांच्या गाडीला जी मिठी मारली, तीत प्रेमाशिवाय दुसरा हेतू नव्हता!"

स्पीकरमधून पाच पुरुष खिंकाळले. मी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते आणि वैतागत होते. पन्नाशीला टेकलेली माणसं, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

दर रविवारी जेवण झालं की हे त्या खोट्या गाडीत चढायचे. म्हणजे भंगारातून आणलेली व्हॅनची सीट, तिच्यापुढे टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग आणि पायाशी पेडल. त्या सीटला कुबट घामाचा वास यायचा, हातमोज्यांना त्याहून. मी लॉन्ड्रीत काम करते, जगाचे मळके कपडे उपसते, पण ते हातमोजे चिमट्याने उचलायची.

इंटरनेटवर गाड्या पळवणारी ही टोळी सहा जणांची. प्रत्यक्षात कोणी कोणाला भेटलेलं नाही. काका छापखाना चालवायचे आणि टोळीही. मिस्त्री घरांना काचा बसवायचा. एकाचं नाव ब्रेक, कारण ती वस्तू कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. उरलेले दोघे जुळे भाऊ, भेट काय ती ह्या दोघांचीच, म्हणून ते एकमेकांनाच शिव्या द्यायचे. आमच्या ह्यांचं नाव धडक. शर्यतीत जो दुसऱ्याला ठोकेल त्याने शेवटी उभं राहून माफीनामा म्हणायचा, असा नियम होता. तो मान बहुतेक रविवारी आमच्याच घरी.

"धडक, अरे एवढी लाल गाडी दिसली नाही तुला?" काका विचारायचे.

"काका, शपथेवर सांगतो, तिथे कोणी नव्हतंच!"

झालं, पुन्हा हशा. हे वाक्य तर त्यांचं ब्रीदच झालं होतं. घरात मोजून दोन शब्द बोलणारे हे, तिथे मात्र नुसते फुलायचे. एक खरं सांगायला हवं. सासूबाई गेल्या त्या रविवारी त्या पाच जणांनी शर्यत लावलीच नाही. ह्यांची गाडी मध्ये घेऊन सगळ्यांनी एकामागोमाग, अगदी हळू, एक फेरी मारली. कोणी चकार शब्द काढला नाही. मला तो पोरखेळ वाटला, ह्यांना मात्र रडू फुटलं.

तर त्या मिठीवाल्या रविवारी माफीनामा संपल्यावर मिस्त्री म्हणाला, "थांबा रे, आज खास कार्यक्रम आहे. वहिनींनाही बोलवा." त्यांच्या सगळ्या शर्यती रेकॉर्ड होतात. त्यातून ह्यांचे आजवरचे अपघात वेचून त्याने एक फिल्म जोडली होती. मी नाक मुरडत ह्यांच्या पाठीशी उभी राहिले.

पहिली धडक झाली. हशा. दुसरीत काकांची गाडी कोलांट्या खात गवतात गेली आणि ब्रेक ओरडला, "काका, प्रदक्षिणा पूर्ण करा!" मीसुद्धा हसले. तिसरी, चौथी, पाचवी. हशा थोडा उतरला. एरवी आठवड्याला एक दिसायची, म्हणून गंमत. आता एकीला एक लागून आल्या तेव्हा त्या सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. दर वेळी दुसरी गाडी डावीकडे. दर वेळी ती बराच वेळ तिथे असायची, शेजारीच, उघड्यावर, आणि हे खुशाल स्टिअरिंग डावीकडे वळवायचे.

शेवटच्या काही धडका सगळ्यांनी मुकाट्याने पाहिल्या.

"च्यायला," जुळ्यांपैकी एक हळूच म्हणाला.

"धडक," काकांनी विचारलं, "तू पोटापाण्याला काय करतोस रे? कधी विचारलंच नाही."

हे हातमोजे काढायला लागले.

"मी विचारतोय."

"गाडी चालवतो."

"कसली?"

"शाळेची. व्हॅन."

ह्यांनी घसा खाकरला आणि चक्क हसत सुरुवात केली, "मी, खाली सही करणारा…"

"बंद कर!" काका ओरडले. "शी! किळस येतेय मला. तुझी आणि आमचीही. पोरं बसतात ना रे तुझ्या गाडीत? उद्या ती गाडी काढलीस, तर पुन्हा आमच्यात तोंड दाखवायचं नाही."

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. चप्पल न घालता खाली गेले. व्हॅन भिंतीशी उभी होती. तिच्या डाव्या अंगाला लांबच लांब ओरखडे होते. फाटकाचा खांब लागला, असं मला सांगितलं होतं. खांब एक आणि ओरखडे किती! त्याच बाजूला दार आहे, मुलं तिथूनच चढतात-उतरतात. मी ओरखड्यांवरून हात फिरवला तर ते बरोबर दप्तराच्या उंचीला होते. मी तो हात भिंतीला घासून घासून पुसला.

वर आले तेव्हा पडदा विझलेला होता आणि हे त्या घाणेरड्या सीटवरच बसले होते.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"वर्ष झालं असेल. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग डॉक्टरकडे गेलोच नाही. ते लायसन घेतील म्हणून."

"काळं दिसतं का डावीकडे?"

"काळं नाही गं. तिथे काही नसतंच." मग म्हणाले, "मी मान वळवून बघतो दर वेळी. आजवर कुणाला काही झालं नाही."

"आजवर!" मी म्हटलं. "वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन जात होतास तू. त्या पोरांचे आई-बाप तुला हात करायचे. लाज कशी वाटली नाही?"

हे ओंजळीत तोंड धरून बसले. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला नाही, आणि मी ठेवलाही नाही. मग त्यांनी फोन उचलून व्हॅनच्या मालकाला लावला.

"साहेब, उद्यापासून मी येत नाही… नाही, पगाराचं काही नाही… मला डावीकडचं दिसत नाही." तिकडून आरडाओरडा ऐकू येत होता. हे फोन कानाशी धरून पुरता ऐकत राहिले. "बरोबर आहे, साहेब," म्हणाले. "खूप दिवसांपासून. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

सकाळी ते नेहमीच्या वेळी उठले. गणवेशाचा शर्ट घातला, मग आठवण होऊन काढला आणि बनियनवरच टेबलाशी बसले. खाली परका माणूस व्हॅन सुरू करत होता. त्याला गिअर सापडत नव्हता. हे उठून खिडकीशी गेले नाहीत.

माझी किळस गेली नव्हती. अजूनही पुरती गेली आहे असं म्हणवत नाही. मी चहा केला, कप नेहमीसारखा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि कामाला निघाले. दारातून वळून पाहिलं तर हे समोरच्या मोकळ्या टेबलाकडे बघत चहाची वाट पाहत होते. मी परत आले, कप उचलला आणि उजवीकडे ठेवला.