सुपारीएवढं डांबर

राधाकिशन नट आणायला वळला, तेवढ्यात बिभीषणनं खिशातला सुपारीएवढा डांबराचा गोळा काढून चाकाच्या रिमला आतल्या अंगानं दाबला. डांबर उन्हानं मऊच झालेलं. चिकटायला त्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत. बोटं पँटीच्या मागं पुसून बिभीषण भिंतीवरच्या कॅलेंडरातली जर्सी गाय अशी निरखू लागला, की जणू तिच्या घरचं स्थळ बघायला आला आहे.

राधाकिशननं परत येऊन नट फिरवला, चाक मशीनवर घट्ट केलं. हेच चाक त्यानं मघाशी फडक्यानं पुढून-मागून पुसलं होतं. दूध संघाच्या गाड्यांची चाकं तोलत त्यानं या शेडात एवढी वर्षं काढली, त्यात एखाद्या दिवशी देवाला आंघोळ चुकली असेल, पण चाकाला फडकं चुकलं नव्हतं. त्यामुळे चाकाला काही चिकटलं असेल अशी शंका कुणाला यायचं कारणच नव्हतं. बिभीषणनं सगळा डाव त्या फडक्याच्या भरवशावर मांडला होता.

चाक बिभीषणनं घरून आणलं होतं, बीडच्या मोठ्या दुकानात परवाच तोलून घेतलेलं. रिवाजच तसा. म्हैस घेताना गिऱ्हाईक आधी स्वतःच्या हातानं धार काढून बघतं, तसं बॅलन्सिंगचं मशीन घेताना आपल्या खात्रीचं चाक लावून बघायचं. चाक एका अंगाला जड असलं की पळती गाडी थरथरते, हँडल हिसके देतं; तो जडपणा हे मशीन आकड्यात दाखवतं. बरोबर चाकाला मशीननं शून्य दाखवलं, तर मशीन खरं.

चाक गरगरलं, थांबलं. लाल आकडे उमटले.

“पस्तीस,” संघाचे चेअरमन सुंदरराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. “शून्य पायजे ना रे राधाकिशन?”

“शून्यच पायजे, साहेब.”

त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा पस्तीस.

“चाकातच खोट असंल,” राधाकिशन म्हणाला.

“काका, परवाच बीडला तोलून आणलंय,” बिभीषण हळूच म्हणाला. “तिथं शून्य व्हतं.”

केजहून मशीन घ्यायलाच आलेला दुसरा माणूस उठला, टोपी झटकली. “आमाला न्हाई बाबा पायजे असलं खोटारडं मशीन. घरात एक बायकोचा भाऊ हाय तेवढा बास.” आणि फटफटीला लाथ मारून तो गेला.

त्या साली वडवणीत असा दुष्काळ पडला होता की कावळेसुद्धा टँकरची वेळ बघून घरट्याबाहेर पडत. जनावरं छावणीला गेली. दूध संघात दुधाऐवजी नुसत्या मीटिंगा जमू लागल्या आणि त्याही लवकरच आटल्या. संघानं सामान विकायला काढलं. बिभीषणला त्या वेळी घरापुढच्या पत्र्याच्या शेडात बॅलन्सिंग सुरू करायचंच होतं. गल्लोगल्ली पिकअप आणि जीपगाड्या पाण्याच्या टाक्या लादून धावत होत्या, सगळ्यांची चाकं थरथरत होती. दोन महिने तो मशीन निवडत होता. बीडच्या दुकानातलं नवं मशीन बघून आला, तर किंमत ऐकून त्याचीच चाकं थरथरली. मग हातानं फिरवायचं बिनमोटरीचं बघितलं. मग सगळ्यांत स्वस्त, चाक आडवं ठेवून काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा, ते बघितलं. त्याची बायको विमल म्हणाली, “बुडबुडा बगायला मानसं तुमच्या दारात कावून येतील?” राहिलं संघाचं. जुनं, पण राधाकिशननं तळहातावर वाढवलेलं. ते केजवाल्याच्या हाती जाऊ नये, एवढीच बिभीषणची इच्छा. इच्छा साधी होती, रस्ता तेवढा डांबरी निघाला.

मशीन भंगाराच्या भावात त्याच्या नावावर झालं. चाक उतरवताना त्यानं बोटाच्या एका हिसक्यात गोळा काढून घेतला. इथवर सगळं जमलं.

तेवढ्यात संचालक आप्पाराव तंबाखू मळता मळता थांबले.

“मंग म्हाळूची गाडी?”

सुंदररावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

म्हाळू संघाचा ड्रायव्हर. दिवाळीच्या तोंडावर दुधाची गाडी पहाटे वळणावर उलटली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गाडी कशी उलटली ते कुणालाच कळलं नव्हतं. म्हाळू म्हणायचा, हँडल हातात राहिलं नाही.

“त्या गाडीची चाकं कुणी तोलली व्हती?” आप्पारावांनी विचारलं. वाईट हेतूनं नाही. आप्पाराव सगळंच मोठ्यानं विचारत.

“म्याच,” राधाकिशन म्हणाला. “आदल्याच दिवशी. ह्याच मशीनवर.”

मग त्यानं ते फडकं उचललं, चार घड्या घातल्या आणि कुठं ठेवावं ते न सुचल्यासारखा हातात धरून उभा राहिला.

बिभीषणच्या मुठीत डांबर होतं. तिथंच मूठ उघडली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यानं मूठ खिशात घातली.

मशीन घरी आलं. दुसऱ्याच दिवशी बिभीषणनं तेच चाक लावून बघितलं. स्वच्छ शून्य. आता पंचाईत अशी की खोटं मशीन खरं कसं झालं, हे लोकांना काय सांगणार? त्यानं सांगितलं, दुरुस्त केलं. मग काय विचारता! संघाला जमलं नाही, राधाकिशनला उमगलं नाही, ते बिभीषणनं एका रात्रीत केलं, असं गाव बोलू लागलं. धारूरपर्यंत बातमी गेली, तोवर त्या एका रात्रीचा तासाभराचा खेळ झाला होता. माजलगावला पोचेपर्यंत त्यानं मशीनला नुसता हात लावला होता. गिऱ्हाईक वाढलं. प्रत्येक जण पाठ थोपटून जाई आणि पाठीवर हात पडला की बिभीषण मान खाली घालून स्पॅनर शोधू लागे. लोक म्हणत, बघा, गर्व म्हणून न्हाई.

एके सकाळी राधाकिशन आला. खांद्यावर रिकामी घागर होती. मशीनजवळ जाऊन त्यानं त्यावर हात ठेवला, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“काय बिगडलं व्हतं रे?”

“आत वायर ढिली झालती, काका.”

“कवापासून असंल?”

बिभीषण नट आवळत होता. तो आवळून झाला होता, तरी आवळत राहिला.

“ते काय सांगता येत न्हाई.”

“दिवाळीच्या आदीपासून असंल?”

“...असंलबी.”

राधाकिशननं मान हलवली. “असंलच,” म्हणाला. “मला कळाया पायजे व्हतं.” आणि घागर सावरून निघाला.

“काका, पानी आपल्या गल्लीत येतंय की. तिकडं कुठं?”

“म्हाळूकडं. त्याच्या घरी पानी आनाया मानूस न्हाई आता. त्याच्या आयच्यानं, दगडाबाईच्यानं, घागर उचलत न्हाई.”

तो पाठमोरा जाताना बिभीषणनं पाहिलं, एवढ्यातच त्याचा उजवा खांदा उतरला होता.

त्यानंतर बिभीषणला मशीनपुढं उभं राहवेना. शून्य दिसलं की तोंड कडू होई. तो जेवताना मध्येच थांबे. विमल म्हणाली, नजर लागली, आणि तिनं मशीनला लिंबू-मिरची बांधली. शेवटी एका सकाळी शेडाला कुलूप घालून तो म्हाळूकडं गेला. राधाकिशनला तोंड दाखवायची छाती नव्हती. म्हटलं, आधी पाय गेलेल्याला सांगू, मग खांदा उतरलेल्याला.

म्हाळू बाजेवर होता. त्याची आई दगडाबाई बाहेर टँकरच्या गोंगाटात कुणाशी तरी भांडत होती. बिभीषणनं सगळं सांगितलं. गोळा, पस्तीस, वायर. सांगताना तो बाजेच्या सुंभाकडं बघत होता.

म्हाळूनं मान उचलून आधी दाराबाहेर बघितलं.

“कुनाला सांगितलंस?”

“आदी तुलाच.”

“मग मलाच राहू दे.”

बिभीषणनं वर पाहिलं. म्हाळू कोपरावर रेलून पुढं सरकला होता.

“मशीन खरं निगालं तर लोक काय म्हनतील? गाडी उलटली कशी?” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “डोळा लागला व्हता माझा. आदल्या राती जागरनाला गेलतो. चेअरमनच्या पुतन्याला माजी नोकरी पायजे व्हती, कळलं असतं तर मला इलाजाचा खर्चबी मिळाला नसता. हँडल गेलं म्हनलो. तुज्या मशीननं माजी बाजू सांभाळली बे. तू कावून मोडतोस?”

“अन् राधाकिशन काका?”

“त्यांचं काय जातंय? दोन घागरी पानी.”

म्हणाला खरा, पण म्हणून झाल्यावर त्यानंच तोंड भिंतीकडं केलं.

बिभीषणला एकदम हलकं वाटलं. बोलू नये असं दुसऱ्यानंच सांगितलं होतं, तेही पाय गेलेल्या माणसानं. अशी सोय माणसाला रोज लाभत नाही. तो उठायला लागला.

तेवढ्यात राधाकिशन भरली घागर खांद्यावर घेऊन आत आला. मागून दगडाबाई पदरानं तोंड पुसत आली. बिभीषणला बघून तिला बरं वाटलं.

“बस की रं. च्या टाकते.” मग राधाकिशनकडं हात करून, जेवणात मीठ कमी आहे हे सांगावं इतक्या साध्या सुरात ती म्हणाली, “माज्या लेकराचा पाय ह्यानंच घालवला बग. पन मानूस वाईट न्हाई.”

राधाकिशननं मान डोलावली. कुणी नाव विचारल्यावर सांगावं तशी. आणि कोपऱ्यातल्या रांजणावर घागर वाकडी केली.

बिभीषण दारापर्यंत गेला होता. त्यानं चौकट धरली.

“काका, मशीन कदीच बिगडलं नव्हतं.”

पाणी पडत राहिलं.

“डांबर व्हतं. मी लावलं व्हतं, तुमची पाठ फिरल्यावर. तुमी तोललेली चाकं बरोबर व्हती. म्हाळूच्या गाडीचीबी.”

रांजण भरला. पाणी काठावरून उतरून सारवलेल्या जमिनीवर पसरलं, बाजेच्या पायापर्यंत गेलं, तरी राधाकिशनची घागर सरळ होईना. आजवर त्यानं त्या घरात थेंब सांडला नव्हता.

“आरं पानी! पानी सांडतंय!” दगडाबाई ओरडली.

बिभीषण मार खायच्या तयारीनं उभा होता. डोळेसुद्धा त्यानं अर्धे मिटले होते. पण राधाकिशननं त्याच्याकडं पाहिलंच नाही. घागर रिकामी झाली, ती त्यानं सावकाश खाली ठेवली आणि बाजेकडं वळला. म्हाळूचं तोंड अजून भिंतीकडंच होतं.

“म्हाळू,” तो म्हणाला, “लेकरा, माज्याकडं बग.”