भिसे खिंडीतला फोटो

पोपटला पळायला लावलं ते ताजुद्दीननं.

ताजुद्दीन अर्धं आयुष्य कतारला काढून पेणला परतला, तो सुटलेलं पोट आणि रक्तातली साखर घेऊनच. पोपट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एसटी स्टँडाच्या मागं पोपटचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर स्टुलावर वाकून बसायचं आणि वर चहा ढोसायचा. साखर त्यालाही निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून दोघं पहाटे चालायला लागले. एक दिवस ताजुद्दीन म्हणाला, "त्या समोरच्या खांबापरत पळूया काय?" खांबापाशी पोचले तेव्हा दोघांची छाती भात्यासारखी हलत होती आणि हसू आवरत नव्हतं.

पोपटच्या बायकोला, शांतीला, आधी ते खूळ वाटलं. पन्नाशीला आलेला माणूस अर्ध्या चड्डीत रस्त्यानं पळतो म्हणून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. पण हळूहळू नवरा बदलला. दुकानातून येऊन मुकाट जेवणारा माणूस बोलायला लागला. मिठागरांवरून वारा कसा येतो, जोहे गावाच्या रस्त्याला मूर्तींच्या कारखान्यांच्या दारात बिनरंगाचे गणपती कसे ओळीनं उभे असतात, हे तो तिला सांगायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यानं तिला असं काही कधी सांगितलं नव्हतं.

मग पळणारे वाढले. कमळाकर नावाचा एक प्लॉटिंगवाला होता, त्यानं सगळ्यांना एकत्र आणून पेण-रोहा धावक मंडळ काढलं. शेंदरी टी-शर्ट आले, मोबाइलवर ग्रुप झाला, रविवारी लांब पळून झालं की हॉटेलात मिसळ. मंडळात बँकेचे साहेब होते, वकील होते, रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांमधले शिफ्टवाले होते. सगळे त्याला पोपटशेठ म्हणायचे. काहीतरी दुरुस्त करून घ्यायचं नसताना लोक आपल्याला हाक मारतात, याचं त्याला फार अप्रूप वाटायचं.

मुलगा जगन धाटावला एका कंपनीत होता आणि रोह्यात खोली घेऊन राहायचा. बापलेकांचं कधी पटलं नव्हतं. दुकान पुढं चालवायचं नाही म्हणून जगननं घर सोडलं होतं. पण तोही रोह्याकडून मंडळात आला आणि दोघांना बोलायला विषय मिळाला. कोणते बूट चांगले, चढावर पाऊल कसं टाकायचं. फोनवर त्यांचं चालू झालं की शांती भाकरी थापता थापता नुसतं ऐकत राहायची.

त्या वर्षी कमळाकरनं ठरवलं, पेणहून निघायचं, वडखळ, नागोठणं, भिसे खिंड करत थेट रोह्याला पोचायचं. पुरी मॅरेथॉन. रोह्यात स्टेज, हार, मेडल. पोपटनं तयारी सुरू केली. पण दिवाळीनंतर चढाला लागलं की छातीत काहीतरी आवळल्यासारखं होतंय, असं तो शांतीला म्हणाला.

"डॉक्टरांना दाखवा. नायतर मी येते संगती," ती म्हणाली.

"मंडळात विचारतो आधी," पोपट म्हणाला.

त्यानं विचारलं. कमळाकर म्हणाला, "पोपटशेठ, छातीत काय नाय. डोक्यात भीती बसलीय. ती पळूनच जाते." मिसळीच्या टेबलावर सगळे हसले. पोपटही हसला. घरी येऊन त्यानं हे शांतीला मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि डॉक्टरांचा विषय तिथंच संपला.

जानेवारीतल्या त्या रविवारी जगनची शिफ्ट होती, तो धावायला नव्हता. शांती घरी कडव्या वालाचं बिरडं सोलत बसली होती, तेव्हा फोन आला. भिसे खिंडीच्या चढावर पोपटला त्रास झाला होता. नागोठण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी कमळाकरनं ग्रुपवर लिहिलं, 'आमचा पोपटशेठ धावता धावता, मित्रांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.' कुणीतरी ते शांतीला वाचून दाखवलं. तिनं तेवढं एक वाक्य मनात धरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, एकटे नाय गेले, माणसांत गेले.

मंडळाचे लोक दहाव्याला आले, तेराव्याला आले. दुकानातलं सामान विकायला त्यांनीच गिऱ्हाईक आणलं. जगन तर त्यांच्यातलाच झाला. सुट्टीचा दिवस तो आईकडं कमी आणि मंडळात जास्त काढायचा. शांतीला त्याचंही बरं वाटायचं. फक्त ताजुद्दीन कुठं दिसेना. त्यानं मंडळ सोडलं, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

वर्ष भरत आलं तसा कमळाकर घरी आला. सोबत पेढे होते.

"वहिनी, यंदापासून त्याच रस्त्यानं पोपट स्मृती दौड. झेंडा तुम्ही दाखवायचा. तुमचाच मान आहे तो."

शांतीनं पदरानं डोळे पुसले आणि हो म्हणाली.

दोनच दिवसांनी दुपारी ताजुद्दीन आला. उंबऱ्याशी चपला काढून बराच वेळ तसाच उभा राहिला. शांतीनं पाणी दिलं ते त्यानं हातातच धरलं.

"भाभी, तुम्ही झेंडा दाखवणार, असं ऐकलं."

"व्हय. बोलावलंय त्यांनी."

"मंग तुम्हांला एक सांगायला पायजे. आधीच सांगायला पायजे होतं." तो खाली बसला. "त्या दिवशी मी सगळ्यांत मागं होतो. खिंडीच्या वळणावर आलो तर पोपट कठड्याला टेकून बसलेला. एकटाच. अंगावरचा घाम सुकून गेलेला, भाभी. म्हंजे किती वेळ बसला असंल बघा."

शांती भिंतीला टेकून खाली बसली.

"मी म्हटलं, बाकीचे कुठं? तर म्हणाला, गेले पुढं. त्यांना हात केला होता म्हणं त्यानं. कमळाकरनं बघितलंन. म्हणाला, गोळा आला असंल, पाय मोकळे कर आन् ये मागनं. सगळे त्याच्या अंगावरनंच गेले. मी गाड्यांना हात करत होतो, एक थांबंल तर शप्पथ. शेवटी एका भाजीच्या टेंपोवाल्यानं घेतला. टेंपोतच गेला तो." ताजुद्दीननं हातातलं पाणी खाली ठेवलं. "मांडी माझी होती. मित्र-बित्र कोण नव्हतं. ते रोह्याला मेडल घालून फोटो काढत होते. मी फोन करत होतो, कोण उचलत नव्हतं."

"मला वर्षभर का नाय सांगितलंत?"

"तुम्ही त्या एका वाक्यावर दिवस काढत होता. मी कशाला मोडू? पण आता तुमच्या हातात झेंडा देतायत. ते काय मला बघवंना."

तो गेल्यावर शांती तशीच भिंतीला टेकून बसली. चूल पेटवायचं तिला सुचलं नाही. तिला सारखा तो कठडा दिसत होता, आणि एकामागून एक पुढं जाणारे शेंदरी टी-शर्ट.

जगन रविवारी आला तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तिला वाटलं, आता हा उठेल, कमळाकरच्या दारात जाऊन उभा राहील.

"मला ठाऊक हाय," जगन म्हणाला. "ताजुद्दीनचाचानं मला तेव्हाच सांगितलं."

शांती त्याच्याकडं बघतच राहिली. "आन् तरी तू त्यांच्यात जातोस?"

"मंग कुठं जाऊ आई? शिफ्ट संपली की खोलीवर भिंती बघत बसू? ते लोक वाईट नायत. त्यांना वाटलं गोळा आला. सगळ्यांनाच येतो. मी असतो तर मी पण थांबलो असतो का, काय सांगू?"

"तू थांबला नसतास?"

"तसं नाय." जगन म्हणाला, "बाबा माझ्याशी धड बोलायला लागले ते पळण्यामुळं. ते सोडलं तर माझ्याकडं त्यांचं काय उरतं?"

तिनं त्याला जेवायला वाढलं.

दौडीच्या पहाटे ती गेली. जाऊ नये असं दहादा मनात आलं, पण घरात बसून दौडीचे ढोल ऐकणं त्याहून कठीण होतं. पेणच्या नाक्यावर कमान उभारली होती. कमानीवर मोठ्या अक्षरांत एका इमारतीची जाहिरात आणि तिच्याखाली पोपटचं नाव. कमळाकर हात जोडून पुढं आला.

"तुम्ही त्यांना बसलेलं बघितलंत?" शांतीनं हळूच विचारलं.

कमळाकरचा चेहरा क्षणभर उतरला. "वहिनी, गोळा आला असं वाटलं. देवाशपथ. डॉक्टर थोडेच होतो आम्ही?"

"थांबायला डॉक्टर लागतो काय?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. "आता या वेळी नको वहिनी. लोक खोळंबलेत. पोपटशेठला पण आवडलं नसतं, त्याच्यापायी कुणी थांबलेलं."

शांतीनं झेंडा घेतला नाही. कमळाकरनं तो बायकोच्या हातात दिला, तिनं दाखवला. गर्दी ओरडत निघाली. गर्दीत जगन होता, त्याच्या टी-शर्टाच्या पाठीवर बापाचा चेहरा छापलेला होता.

पाण्याच्या टेंपोचा ड्रायव्हर काळुराम ओळखीचा होता. शांतीनं त्याला भिसे खिंडीपर्यंत सोडायला सांगितलं. तिला ती जागा एकदा बघायची होती.

वळणावर कठड्याला लागूनच मंडळानं टेबल मांडलं होतं. त्यावर पोपटचा हार घातलेला फोटो, आणि फोटोसमोर अर्धी कापलेली केळी, लिंबू-मीठ, पाण्याचे ग्लास. शांती टेबलामागं उभी राहिली. ऊन चढायला लागलं तसे पहिले धावणारे आले. बँकेचे साहेब आले, त्यांनी फोटोला नमस्कार केला, केळं उचललं आणि गेले. वकील आले, त्यांनी फोटोजवळ तोंड नेऊन मोबाइलवर फोटो काढला. आता प्रत्येक जण थांबत होता. कुणी हात जोडत होतं, कुणी मांड्या चोळत होतं. डोक्यावर पदर घेतलेली बाई कोण, हे कुणी विचारलं नाही. पाणी वाटायला ठेवलेली असेल, असंच त्यांना वाटलं असावं. दोघांनी तिच्यापुढं रिकामे ग्लासही धरले.

मग जगन आला. घामानं निथळत होता. तिला बघून दचकला.

"तू इथं कशी?"

"इथंच बसले हुते तुझे बाबा," शांती म्हणाली.

त्यानं कठड्याकडं बघितलं. त्याचे ओठ हलले. मागून कुणीतरी ओरडलं, "चल रे जगन, थंड पडशील." त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, पाण्याचा ग्लास उचलला.

"रोह्याला पोचून फोन करतो," म्हणाला आणि चढाला लागला.

तो वळणाआड होईपर्यंत शांती बघत राहिली. मग तिनं हार काढून टेबलावर ठेवला, फोटो पदराखाली घेतला आणि रस्ता ओलांडून पेणकडं जाणाऱ्या एसटीला हात केला. गाडी थांबली. मागं लोक येत राहिले, केळी उचलत राहिले.

त्या दिवशी जगनचा फोन आला नाही. जगन स्वतः आला तो पुढच्या रविवारी, आणि आल्या आल्या त्यानं फोटोचं विचारलं. कमळाकरनं निरोप दिला होता, फ्रेम मंडळाची आहे, पुढच्या वर्षी लागेल.

शांतीनं फोटो भिंतीवरून उतरवला. सुरीच्या टोकानं मागचे खिळे उचकटले, पोपटला बाहेर काढून मांडीवर ठेवलं, आणि रिकामी फ्रेम काचेसकट जगनच्या हातात दिली.

"जेवून जा," ती म्हणाली.

"नाय, सेकंड शिफ्ट हाय," जगन म्हणाला आणि फ्रेम काखेत धरून निघून गेला.