दुपारच्या सुट्टीतला बाजा

आज सकाळपासून आभाळ नुसतं भरून बसलंय. पाऊस पडत नाही, ऊनही येत नाही. अशा ओलसर दिवशी माझं लाकूड फुगतं आणि डाव्या अंगाची एक पट्टी रुतून बसते. होय, मी बाजा बोलतोय. लोक मला पेटी म्हणतात, पण माझा धनी भीमराज मला बाजा म्हणायचा, म्हणून मीही स्वतःला तेच समजतो. सध्या पिंपरीच्या एका चाळीत, पत्र्याच्या ट्रंकेवर माझा मुक्काम आहे.

माझा जन्म पुण्याचा. एका अबोल कारागिरानं सागवान रंधून माझं अंग घडवलं, एकेक पितळी सूर बसवला आणि कान लावून ऐकला. चिंचवडकडे तेव्हा कारखाने उठत होते. एका कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून इंजिनिअरिंगचं कॉलेज निघालं, तिथं मला नेलं. स्वागतगीतापुरतं मला बाहेर काढायचे. बाकी सारं वर्ष मी कपाटात, आणि माझ्या भात्यात झुरळांचा संसार.

एके दिवशी कॉलेजचा शिपाई खंडू मला ऊन दाखवायला शिरीषाच्या झाडाखाली घेऊन आला. दुपारचा भोंगा झाला तसा कंपनीचा एक कामगार डबा घेऊन नळावर पाणी प्यायला आला. कंपनीच्या पाण्याला तेलाचा वास यायचा म्हणे. तोच भीमराज. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायचा. हात धोतराला पुसावे तसे त्यानं खाकी विजारीला पुसले आणि माझ्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, आज कुणीतरी नावानं हाक मारली.

तेव्हापासून दुपारची सुट्टी माझी झाली. कामगार भिंतीपलीकडून यायचे, पोरं वर्गातून यायची, सगळी मातीत बसून भाकरी खायची आणि भीमराज गायचा. ना तिकीट, ना खुर्ची. प्रिन्सिपॉलसाहेबही व्हरांड्यात उभे राहून ऐकायचे.

"भीमराजभाऊ, लग्नातलं वाजवा!" पोरं ओरडायची.

"आधी नवरी दाखव, मग वाजवतो. तुझ्या तोंडाकडं बघून सूर उतरतोय माझा."

प्रेस शॉपमध्ये सगळे कानात कापसाचे बोळे कोंबतात. भीमराज कोंबत नव्हता. प्रेसच्या ठोक्यावर तो मनातल्या मनात चाली बांधायचा.

खंडू म्हणायचा, "आरं, बोळा घाल कानात. बहिरा व्हशील."

"बोळा घातला तर ठेका कसा सापडंल? त्यो प्रेस माझा तबलजी हाय, खंडूभाऊ. आन् पगार कंपनी देती त्याला!"

सगळे हसायचे. मीही हसलो असेन.

त्याचे कान जाताहेत, हे कळलं मला सगळ्यात आधी. तो भाता जोरानं ओढू लागला. मग झाकणावर हनुवटी टेकून गाऊ लागला, हाडातून सूर यावा म्हणून. आवाज चढत गेला, सूर सोडून बाजूबाजूनं चालू लागला. मी माझा सूर नेमका धरून ठेवी, जत्रेत हात सुटलेल्या माणसाला हाक द्यावी तसा. पण बाजाला शब्द नसतात. ज्याची बोटं फिरतील त्याचंच बोलणं मी बोलायचं. लोकांना तर शब्द होते. पण माया फार, म्हणून कुणी काही बोललं नाही. उलट टाळ्या मोठ्या झाल्या. खंडू त्याच्या समोर बसून मांडीवर ठेका धरू लागला, त्याला दिसावा म्हणून.

आणि एक दिवस असंच कोंदट आभाळ आलं. गाणं संपलं. भीमराजनं हात उचलले, सगळ्यांना जयभीम केला आणि डबा उघडला. माझी पट्टी मात्र रुतलेली. भात्यात हवा भरलेली होती, आणि मी वाजतच राहिलो. मला थांबता येईना. तो शांतपणे भाकरी मोडत होता आणि मी त्याच्या शेजारी हंबरत होतो. माणसांनी माना खाली घातल्या. एक नवं पोरगं फिसकन हसलं.

भीमराजनं ते हसू पाहिलं. मग खाली गेलेल्या माना पाहिल्या. हळूच त्यानं माझ्यावर तळवा ठेवला. माझं लाकूड थरथरत होतं. हवा संपेपर्यंत त्यानं तळवा उचलला नाही. मग डबा झाकला आणि निघून गेला. परत आला नाही.

पुढं झाडाखाली लाऊडस्पीकर आला. मला भंगारात काढलं, तेव्हा खंडूनं साहेबांना विचारून मला सायकलवर बांधलं आणि इथं भीमराजच्या घरी आणून सोडलं.

तुमच्या घरचं कुणी ठोक्याच्या कामावर जात असेल, तर त्याच्या कानात बोळा आहे का ते बघा बाबांनो. मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं.

भीमराज आता गात नाही. मघाशी मात्र घरात कुणी नव्हतं. प्रभावती, त्याची बायको, नळावर गेलेली. त्यानं मला मांडीशी घेतलं, डोळे मिटले, एका हातानं भाता ओढला आणि दुसऱ्या हाताचा तळवा माझ्यावर ठेवला. रुतलेली पट्टी लागली बोंबलायला. साऱ्या चाळीत तेवढा एकच सूर.

शेजारच्या गिरजाबाई तणतणत दारात आल्या. त्यांचा नवरा रात्रपाळी करून निजलेला. "अवो भावजी, जरा दमानं—"

भीमराजचे डोळे मिटलेलेच होते. गिरजाबाई उंबऱ्यावर टेकल्या. बराच वेळ त्याच्या तळव्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या,

"वाज रं बाबा तू. आमचं मालक उठलं तर उठलं."