दोनशे सोळा अंश

सुईसारखी बारीक काचेची नळी, तिच्या तळाशी तिळाएवढी पांढरी पूड... आणि भिंगातून तिच्याकडे पापणी न हलवता पाहणारी आभा. तापमापकाचा काटा एकशे नव्वदवर. दोनशे सोळाला पूड वितळली तर ते नुसतं अँथ्रासीन, म्हणजे अंधारातल्या बाटलीत लावलेला सापळा रिकामाच राहिला, आणि आपण जिंकलो; नाही वितळली, तशीच कोरडी बसून राहिली, तर... पण तसं होणार नाही. माझं चुकत नाही, निदान यात तरी नाही.

बेंझाइन हा रेणू कुणालाच दिसत नाही. ते जन्मतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. म्हणून सापळ्यासाठी आधीच अँथ्रासीन घालून ठेवायचं, ते त्याला धरून ठेवतं, मग त्या जोडीचे, दोनशे सोळाला न वितळणारे स्फटिक हातात घेऊन आपण म्हणायचं — आलं होतं, इथे होतं. तिने म्हटलं होतं, चांगलं ठणकावून. दिवा लावला की बेंझाइन तयार होतं, हा तिचा शोध, यवतमाळच्या कॉलेजातल्या तीन वर्षांचा. आणि त्यावरच्या शोधनिबंधाला परीक्षकाचं दोन ओळींचं पत्र: प्रयोग कोणत्या महिन्यात केले? दिव्याविना, खोलीच्या उष्णतेनेच हे होत नाही कशावरून?

मे महिन्यात केले होते. पुस्तकातली खोली पंचवीस अंशांची असते, इथली चव्वेचाळीसची — आणि हे तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण इथेच वाढलेल्या माणसाला ऊन कधी मोजावंसं वाटत नाही. तिला हसू आलं होतं, मग स्वतःचा भयंकर राग. म्हणून या मेमध्ये पुन्हा सगळं तेच, फक्त बाटली पोळ्यांच्या चंदेरी कागदात गुंडाळलेली, दिव्याविना. अंधारातही बेंझाइन सापळ्यात अडकलं, तर ते उष्णतेनेच होतं आणि तिचा शोध खोटा.

"फट नाही ठेवली म्याडम, मीच गुंडाळलीनं," प्रयोगशाळेतला जुना परिचर हिरासिंग मागून म्हणाला. "काहून घाबरून राह्यल्या?"

"घाबरत नाही, हिरासिंगभाऊ."

खरंच नव्हती. बँकेची नोकरी सोडते म्हणाली होती तेव्हाही नव्हती... बाबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं होतं, क्षणभरच, आणि मग ते म्हणाले होते, "तुले जमते तं कर." ते जे सरकलं तो अभिमान, असं मी ठरवून टाकलं आणि त्या जोरावर इथवर आले. दुसरंही काही असू शकेल, हे तपासायचं राहूनच गेलं.

दोनशे आठ. हात सवयीने आच वाढवायला गेला — आजवर ती नेहमी भरभर तापवायची, उत्तर ठाऊक असल्यासारखी. तिने आच कमी केली. दोनशे अकरा... बारा... काटा आता रेंगाळत चढत होता. दोनशे चौदा, आणि पूड अजून कोरडी. वितळ, असं तोंडाशी आलं होतं. ते तिने गिळलं. आतून कसं मोकळं वाटत होतं.

काय असशील ते दिस, मी बघते आहे.