तुतीची फांदी

स्तामातियाने पोत्यात गुंडाळलेली तुतीची फांदी काढून एव्हान्थियासमोर टेबलावर ठेवली आणि ती आईशेजारी जाऊन बसली. आई आज नवा ब्लाउज घालून शाळेत आली होती. धाकटी लेक एव्हान्थिया अथेन्सहून गावात व्याख्यान द्यायला आली होती ना! थोरलीने तीस वर्षं घरच्या शेळ्या आणि द्राक्षं सांभाळली, तिच्यासाठी आईने कधी साधा रुमाल बदलला नव्हता.

फांदी एव्हान्थियानेच फोनवर मागितली होती. "नोव्हेंबरात पानं गळायला लागली की काप हं, ताई." ताईने ती ऑगस्टातच कापून कोठारात टांगली. सगळ्या गावासमोर धाकटीची फजिती व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

"अपोप्टोसिस," एव्हान्थियाने फळ्यावर लिहिलं. "पेशी आपणहून मरते, त्याला जगभर हा आपलाच जुना ग्रीक शब्द वापरतात. गळून पडणं, झाडाची पानं गळतात तसं. पोटातल्या बाळाच्या बोटांमधल्या पेशी अशा गळतात, म्हणून बोटं सुटी होतात."

"आमच्या मेयरची मूठ कधी सुटत नाही, त्यांच्या राहिल्या असतील!" मागून पाद्री लाम्ब्रोस म्हणाले.

सगळे हसले. आई शेजारणीला कोपराने ढोसत होती, बघितलीस माझी लेक? स्तामातियाचा नुसता जळफळाट झाला.

"आता बघा." एव्हान्थियाने फांदी जोरात हलवली. पानांचा चुरा उडाला, पण एकही देठ सुटला नाही. पुन्हा हलवली. कुणीतरी फिसकन हसलं. आईचा चेहरा उतरला.

एव्हान्थियाने फांदीच्या कापल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"मेलेल्या फांदीला पान सोडता येत नाही," ती म्हणाली. "देठ सोडवायला झाड जिवंत लागतं. पेशीचंही तसंच आहे. इतकी वर्षं शिकवते, पण एवढं सोपं करून मला कधी दाखवता आलं नाही. ही फांदी माझ्या ताईने आणली."

टाळ्या पडल्या. आईने स्तामातियाचा हात हातात घेतला.

"एवढं कळतं तुला, आणि कधी बोलली नाहीस गं?"

स्तामातियाने हात हळूच सोडवून घेतला.

नंतर अंगणात कॉफी घेताना एव्हान्थिया तिच्याजवळ आली.

"ऑगस्टात कापलीस ना?"

स्तामातियाने कप खाली ठेवला.

"पोत्यातून काढलीस तेव्हाच ओळखलं मी. एकाच तुतीखाली वाढलो आपण, ताई."

पलीकडे आई पाद्र्यांना सांगत होती, "थोरली माझी कमी बोलते, पण मनाची फार मोठी."